वळसंगचा बुजवलेला खड्डा

मी संशयी आहे आणि मला त्याची लाज नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "काय केलं न्हाय ओ, आपोआप जळली," आणि मोटार उघडली की काय केलंय ते दिसतंच. म्हणून गेल्या जानेवारीत चनबसप्पाअण्णांनी मला गाड्यांच्या रांगेत शेवटून उचलून दुसऱ्या नंबरावर आणलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं.

आमचा मोटरसायकल क्लब. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठली की आमचं वर्ष सुरू होतं. महिन्यातून एक रविवार, दहा-बारा गाड्या एकामागं एक, सगळ्यात पुढं अण्णा. एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे, त्याच टॉवेलची एक पिवळी पट्टी त्यांच्या हँडलला बांधलेली. नियम दोन. पुढच्या गाडीला ओलांडायचं नाही. आणि अण्णांनी डावा पाय बाहेर काढला म्हणजे डावीकडं खड्डा, उजवा काढला म्हणजे उजवीकडं. ते बघून मागच्यानं पाय काढायचा, त्याचं बघून त्याच्या मागच्यानं. असा निरोप शेवटपर्यंत जातो.

त्या वर्षाअखेरीला अण्णा ती पट्टी दुसऱ्याच्या हँडलला बांधणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. मला ती पाहिजे होती. लई पाहिजे होती. इतकी वर्षं शेवटच्या गाडीवर सगळ्यांची धूळ खाल्ली, सगळ्यांची पंक्चरं काढली, ती काय हौस म्हणून? आणि आता म्हातारा मला एकदम आपल्या मागं घेतो? आरशातनं नजरेखाली ठेवायचा डाव, दुसरं काय!

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. अण्णा म्हणजे दर महिन्याला नवा रस्ता शोधणारा माणूस. त्या वर्षी फेब्रुवारीत अक्कलकोट, मार्चात नळदुर्ग, एप्रिलात परत अक्कलकोट. पूर्वी झुंजूमुंजू निघायचो, आता ऊन चांगलं वर आल्याशिवाय हे गाडी काढेनात. टपरीवर बसलो की मोबाईल माझ्याकडं सरकवायचे, "बघ रे बिरू, कुणाचा मेसेज हाय." बघावं तर कुमारचा. कुमार म्हणजे अण्णांचा भाचा, त्याच वर्षी नवी कोरी गाडी घेऊन क्लबात घुसलेला. मला मुद्दाम वाचायला लावतात, म्हणलं. पट्टी भाच्याला चालली, हे मलाच माझ्या तोंडानं वाचायला लावतात!

जूनमध्ये तर कहर झाला. अक्कलकोट रोडला वळसंगच्या अलीकडं अण्णांनी डावा पाय काढला. तिथं खड्डा होता, मान्य. पण तो उन्हाळ्यातच बुजवलेला, वर काळंभोर डांबर. मी पाय काढला नाही.

माझ्या मागं महेश्वरीची गाडी असायची. तिचं मेडिकल आहे, आणि तोंड माझ्यासारखंच फटकळ. टपरीवर उतरताच तिनं मला धरलं.

"बिरूदादा, पाय का न्हाय काढला?"

"खड्डा कुटं होता?"

"अण्णांनी काढला की!"

"अण्णा काढतील. आपण रस्ता बघायचा, दुसऱ्याचा पाय न्हाय."

अण्णा बशीत चहा ओतत होते. त्यांनी ऐकलं आणि हसले. ते हसू मला सुईसारखं टोचलं. म्हणजे हा माणूस मला जोखतोय! खोटा पाय काढतो, मी फसतो का बघतो. सप्टेंबरात त्याच जागी परत काढला. मी परत नाही काढला. घरी बायकोला म्हणलं, "मला क्लबातनं घालवायचा घाट चाललाय." ती म्हणाली, "तुमाला देव जरी भेटला तरी त्याचं आधारकार्ड मागाल."

दिवाळी झाली आणि नळदुर्गची फेरी निघाली. रस्ता मोकळा, अण्णा नेहमीच्या बेतानं पुढं. लांबूनच मला दिसलं की पाइपलाइनसाठी अर्धा रस्ता आडवा खणलाय, कडेला चार दगड आणि एक बाभळीची फांदी. अण्णांचे दोन्ही पाय जागच्या जागी. आता काढतील, म्हणलं. मग काढतील. गाडी सरळ चाललेली, वेग तसाच.

हॉर्न दाबला, ओरडलो. मग नियम गेला खड्ड्यात म्हणत मी अण्णांना ओलांडलं आणि हात आडवा करून त्यांना कडेला दाबलं. अण्णांची गाडी मातीत घसरत थांबली. पुढचं चाक चरापासून हातभर अलीकडं.

"दिसत न्हाय काय तुमाला?" मी बोंबललो.

"न्हाय," अण्णा म्हणाले. "मधलं दिसत न्हाय. कडंकडंचं दिसतंय. डोळ्याचा पडदा गेलाय म्हणतेत डॉक्टर. ओळखीच्या रस्त्यावर हे वर्ष काढू म्हणलं."

म्हणजे वळसंगला ते आठवणीतल्या खड्ड्याला पाय काढत होते! माझ्या अंगाची लाही झाली.

"वर्ष काढू? ह्या सगळ्यांना घिऊन? तुमच्या पायाच्या भरोशावर सगळी येतेत, अण्णा! पोरंबाळं हायत त्यांना!"

"माझ्या पायाच्या न्हाय रे. तुज्या." अण्णांनी हेल्मेट काढलं. "दुसरा कुणीबी माझा पाय बघून चालला असता. तू माझ्या पायावर कदी इश्वास ठेवला न्हाईस. म्हणून तर तुला मागं घेतला."

राग तसाच होता आणि डोळ्यांत पाणीपण येत होतं, दोन्ही एकदमच. मागची सगळी जमली होती. अण्णांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं, चुकलो म्हणाले. मग बोटांनी चाचपत पट्टीची गाठ सोडली. महेश्वरी मदतीला आली तर "साकु, साकु, ऱ्हाऊ दे," म्हणून तिला थांबवलं आणि ती पट्टी स्वतः माझ्या हँडलला बांधली. त्या दिवसापासून त्यांनी गाडी चालवली नाही.

यंदा गड्डा उठल्यावर पहिली फेरी अक्कलकोटची निघाली. पुढं मी, मागच्या सीटवर अण्णा. माझ्या मागची, दुसऱ्या नंबरची जागा कुमारनं मागितली होती. पोरगं गुणी आहे, सांगितलेलं सगळं ऐकतं. म्हणूनच त्याला नाही दिली.

वळसंगच्या अलीकडं अण्णांनी माझ्या डाव्या मांडीवर थाप मारली. रस्ता सपाट होता, काळंभोर डांबर. मी डावा पाय काढला.

टपरीवर गाडी लावतोय तोच दुसऱ्या नंबरावरची महेश्वरी तरातरा आली.

"बिरूदादा, खड्डा कुटं होता? मी न्हाय काढला पाय."

अण्णा मागच्या सीटवर बसल्या बसल्या हसले. यावेळी मीपण हसलो.