मधल्या वर्तुळातली रांगोळी

आमच्या पंचशील सोसायटीच्या मागे जे मैदान आहे, त्याला आता स्टेडियम म्हणायचं असतं. मी अजून मैदानच म्हणतो, आणि कोणी सुधारायला आलं तर त्याला दोन शब्द ऐकवतो. तीन बाजूंना बसायच्या पायऱ्या झाल्या, कोपऱ्यांत दिव्यांचे उंच खांब उभे राहिले, पण चौथ्या बाजूला अजून आमच्या सोसायटीची भिंतच आहे. भिंतीअलीकडे आमच्या बाल्कन्या आणि त्यांत वाळत घातलेले टॉवेल. म्हणजे व्यावसायिक फुटबॉल आणि माझा टॉवेल यांच्यात एका भिंतीचं अंतर.

हे घडवून आणलं आम्रपाली ओव्हाळनं. आमच्याच मागच्या गल्लीतली मुलगी. लहानपणी याच मैदानात मुलांच्यात खेळायची, पुढे महाराष्ट्राकडून खेळली, मग गुडघा गेला आणि खराडीला आयटीत लागली. ती चांगली नोकरी सोडून तिनं फुटबॉलचा क्लब काढला, तेव्हा मी तिच्या वडिलांकडे जाऊन म्हणालो की मुलीला जरा समजवा. ते म्हणाले, "आनंदराव, तुम्हीच समजवा." मी गेलो, आणि तिनंच मला समजावलं.

"काका, बालेवाडीला मोठं स्टेडियम आहेच की. पण येरवड्यातून तिथं जायचं, मॅच बघायची आणि परत यायचं, यात दिवस जातो. माणूस एकदा जातो, दुसऱ्यांदा टीव्ही लावतो. मला असं ग्राउंड हवंय, की शिट्टी ऐकली की माणूस गॅस बंद करून चपला घालून येईल."

"पुण्यात माणूस चपला घालून फक्त दूध आणायला जातो," मी म्हणालो.

"मग फुटबॉल दुधासारखा करू."

मी आलो तसा घरी परतलो.

सोसायटीनं अर्थातच विरोध केला. आम्ही पुणेकर, आधी विरोध करतो आणि मग विषय काय होता ते विचारतो. विरोधाचे पुढारी तळमजल्यावरचे हिंमतराव मेश्राम. मंत्रालयातून निवृत्त झालेले, त्यामुळे तक्रार अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. आवाज होईल, पार्किंग होईल, दुपारची झोप जाईल, रात्री दिव्यांचा झोत बेडरूममध्ये येईल. माझ्या बायकोनं, कुसुमनंसुद्धा त्या अर्जावर सही केली होती आणि मला सांगितलंही नव्हतं.

आम्रपाली वाद घालत बसली नाही. ती घरोघर गेली. ज्या संध्याकाळी दिवे पहिल्यांदा लागले, त्या संध्याकाळी ती हिंमतरावांच्या बेडरूममध्ये खुर्ची टाकून बसली आणि खांबावर चढलेल्या माणसाला फोनवरून सांगत राहिली, अजून खाली घे, जरा डावीकडे फिरव. हिंमतरावांच्या उशीवरचा उजेड पूर्ण गेला, तेव्हाच ती उठली. हिंमतराव म्हणाले, "विरोध कायम आहे." पण चहा दिला. हिंमतरावांच्या घरचा चहा मला अजून मिळालेला नाही.

बाकीच्यांचंही तिनं असंच केलं. कुणाच्या दारासमोर गाडी लागणार नाही याची सोय केली, सकाळच्या वेळी बायकांना फिरायला मैदानाची कड मोकळी ठेवली. चौदा एप्रिलचा जयंतीचा कार्यक्रम पूर्वीसारखा तिथंच होईल, हे लेखी दिलं. बघता बघता विरोध करणारेच पाहुण्यांना गच्चीवर नेऊन "हे आमचं स्टेडियम" म्हणून दाखवू लागले.

शेवटी क्लबला देशाच्या लीगमध्ये जागा मिळाली, पण एक अट होती. घरच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी मॅच कमिशनर येऊन मैदान तपासणार. त्यांनी नापास केलं तर सामना समोरच्या संघाला, आणि हंगामातले बाकीचे घरचे सामने दुसऱ्या शहरात. दुसरं शहर म्हणजे मुंबई. हे कळल्यावर हिंमतरावांचासुद्धा चेहरा पडला.

"एकदा बाहेर गेलेला क्लब परत येत नाही, काका," आम्रपाली मला म्हणाली होती. "लोकांची सवय मोडते. मग सगळं संपलं."

तो शनिवार उजाडला. मी उठलो तर घरात कुसुम नाही आणि ओट्यावर चहाही नाही. बाल्कनीत आलो आणि हातातला पेपर हातातच राहिला.

मैदानाच्या बरोब्बर मधोमध, ते पांढरं गोल वर्तुळ असतं ना, त्याच्या आत रांगोळी होती. साधीसुधी नव्हे. गुलाबी पाकळ्यांचं भलंमोठं कमळ, कमळात काळापांढरा फुटबॉल, भोवती निळी वेलबुट्टी आणि खाली सुबक अक्षरात 'सुस्वागतम'. कुसुम, दीपमाला, राधा आणि महिला मंडळाच्या सगळ्या जणी कमरेवर हात ठेवून आपलं काम न्याहाळत होत्या. आमच्या मंडळाची जयंतीची रांगोळी बघायला अख्खा येरवडा येतो, हे मी अभिमानानं सांगतो. पण ही मैदानात होती, आणि दुपारी कमिशनर येणार होते.

"कुसुम! हे काय केलंत?" मी वरूनच ओरडलो.

"पाहुणे येणार ना? केरळहून येतायत बिचारे."

"अगं, पण मैदानात?"

"मग कुठं? रस्त्यावर काढली तर तुम्ही लोक गाड्या घालता."

फाटकाची किल्ली मैदान सांभाळणाऱ्या पोपटकडे असते. मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "वहिनी आल्या म्हटल्यावर मी नाही कसं म्हणणार?" यात त्याचीही चूक नव्हती. आपल्याकडे घरी माणूस यायचा असला की अंगणात रांगोळी घालतात. ज्या बायकांनी या मैदानाविरुद्ध सह्या केल्या होत्या, त्यांनी ते कधी आपलं अंगण मानलं, ते त्यांनाही कळलं नसावं.

आम्रपाली सकाळपासून संघाच्या गडबडीत, फोन उचलेना, आणि तिला विचारल्याशिवाय रांगोळीला हात लावायची कोणाची छाती नव्हती; दुपारी ती थेट कमिशनरांना घेऊनच आली. इंद्रजीत इंगवले, कोल्हापूरचे. कोल्हापूरचा माणूस पुण्याचं फुटबॉल मैदान तपासायला येतो, तेव्हा तो आधीच अर्धा हसत असतो. इंगवले मधल्या वर्तुळापर्यंत आले आणि त्यांचं हसू थांबलं.

"हे काय हाय?"

सगळ्यांनी पोपटकडे बघितलं, पोपटनं कुसुमकडे.

"म्याडम, मैदानावर आखलेल्या रेघा सोडून एक रेघ चालत नाही. नियमच तसा हाय. आणि हे तर आख्खं कमळ हाय. हे निघालं तर म्याच. नाही निघालं तर मला लिहावं लागंल."

कुसुमचा चेहरा पांढरा पडला. दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि आम्रपाली? ज्या मुलीनं या दिवसासाठी नोकरी सोडली, लग्नाचे विषय टाळले, माझ्यासारख्या शंभर शहाण्यांचे सल्ले ऐकून घेतले, ती रांगोळीपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "मावशी, किती सुंदर काढलीय हो." मग तिनं सगळ्या जणींना कडेला उभं करून फोटो काढला. खरंच काढला. त्यानंतर ती गोलपोस्टकडे चालत गेली, खांबावर हात ठेवून आमच्याकडे पाठ करून थोडा वेळ उभी राहिली, आणि परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते पण आवाज सरळ होता. मला तिचा फार अभिमान वाटला. आणि तितकीच भीती वाटली.

"आता हे काढायचं कसं, ते सांगा," ती म्हणाली.

पोपटनं खराटा फिरवून बघितला. एक पाकळी गेली आणि तिच्या जागी तिप्पट मोठा गुलाबी पट्टा आला. पूड गवतात खाली बसत होती. पाणी मारावं तर रंग कालवल्यासारखा होणार, आणि मैदानाचा चिखल होणार तो वेगळाच.

"व्हॅक्यूम क्लीनर," दीपमाला नाक ओढत म्हणाली. "दिवाळीनंतर गालिच्यावर सांडलेली रांगोळी मी त्यानंच काढते. गवत तरी दुसरं काय असतं?"

आमच्या सोसायटीत तीन मशीन निघाली. आता प्रश्न विजेचा. मैदानाच्या मधोमध काही प्लग नसतो. जवळात जवळचे प्लग म्हणजे भिंतीलगतच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरांतले, आणि एवढ्या लांब वायरी फक्त जयंतीच्या रोषणाईच्या. त्या असतात हिंमतरावांच्या माळ्यावर. आणि हिंमतराव या वेळी झोपलेले असतात.

दुपारी हिंमतरावांची बेल वाजवायची हिंमत सोसायटीत कोणाला नाही. मी मागे सरलो, हे कबूल करतो. कुसुम गेली आणि बेलवर बोट दाबूनच उभी राहिली. हिंमतराव बनियनवर दार उघडून म्हणाले, "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. वायरी द्या."

तिनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. हिंमतराव ऐकून घेऊन म्हणाले, "विरोध कायम आहे." आणि स्टूल घेऊन स्वतः माळ्यावर चढले.

माझी उभी हयात टेलिफोन खात्यात वायरी ओढण्यात गेली, तेव्हा पुढचं काम माझं होतं. तिन्ही मशीन एकाच घरावर लावली तर फ्यूज उडेल म्हणून तीन घरांच्या खिडक्यांतून तीन वायरी काढल्या. भिंतीवरून त्या मैदानात गेल्या, मधे हिंमतराव बनियनवरच उभे राहून मी जोड कसे चुकीचे देतोय ते सांगत होते. मग मशीन घरघरायला लागली. कुसुम एकावर, दीपमाला दुसऱ्यावर, आणि तिसऱ्याची नळी धरून आम्रपाली गुडघ्यांवर. तोच तो गेलेला गुडघा. मी म्हणालो, "अगं, उठ, दुसरं कोणी करेल." तिनं ऐकलंच नाही. आधी 'सुस्वागतम' गेलं, मग वेलबुट्टी, मग फुटबॉल. पिशव्या भरल्या की राधा त्या रिकाम्या करून आणायची. पायऱ्यांवर माणसं जमली होती आणि फुकटचे सल्ले देत होती. म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षक तयार झाले होते.

कमळ गेलं, पण गवताच्या टोकांवर गुलाबी छटा राहिली. इंगवले चक्क पालथे पडून बघू लागले.

"अजून दिसतंय."

"थोडंसंच आहे, सर," आम्रपाली म्हणाली.

"म्याडम, मी कमिशनर हाय. मला उपाय सांगता येत नाही." ते उठून कपडे झटकत आभाळाकडे बघून बोलू लागले. "पर आमच्याकडं काय करत्यात, टोकं रंगली की वरनं हलकं मशीन फिरवत्यात. हे आपलं कोल्हापूरचं सांगितलं. तुमच्या पुण्यात काय करत्यात, मला म्हाईत नाही."

त्यांचं बोलणं संपायच्या आत पोपटनं गवत कापायचं यंत्र सुरू केलं होतं.

नंतर इंगवल्यांनी सगळं मैदान पायाखाली घातलं. गोलांची जाळी ओढून बघितली, कोपऱ्यातले झेंडे हलवून बघितले. वर्तुळाच्या मधोमध बराच वेळ उभे राहिले. आम्ही भिंतीला टेकून होतो, कुसुमनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. शेवटी ते आले आणि आम्रपालीशी नाही, कुसुमशी बोलले.

"वहिनी, लई मैदानं बघितली मी. मैदानावर दगड आलेले बघितले, बाटल्या बघितल्या, खुर्च्या बघितल्या. रांगोळी आज पहिल्यांदा बघितली." मग आम्रपालीकडे वळून म्हणाले, "पास हाय."

संध्याकाळी माणसं आली. मी मोजत बसलो नाही, पण बसायला जागा उरली नव्हती. लक्ष्मीनगरमधून आली, नागपूर चाळीतून आली, कर्वेनगरहून आमचे जावई समर्थ आले आणि पार्किंगची सोय बघून गप्प झाले. निम्म्यांच्या पायांत खरोखर चपला होत्या. कुणी पोळ्या टाकून आलं होतं, कुणी तशाच अर्धवट सोडून. आपल्या मुलांच्या पायांत चेंडू आला की जो आवाज उठायचा, तसा आवाज या मैदानात मी जयंतीलाही ऐकला नव्हता. अगदी शेवटी केरळवाल्यांनी गोल केला आणि आपण हरलो. एकच गोल, पण हरलो.

मग वरच्या पायऱ्यांवरून टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. खेळाडूंना दोनदा बाहेर यावं लागलं.

आम्रपाली आमच्या भिंतीपाशी येऊन टेकली, तेव्हा गर्दी पांगत होती. ती दमली होती, आणि दिवसभर जे तिनं आवरून धरलं होतं ते आता चेहऱ्यावर दिसत होतं. पलीकडे हिंमतराव उभे होते. आता अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

"हरलात," हिंमतराव म्हणाले.

"हो, काका."

"हरणारच. मधली तिन्ही मुलं एकाच जागी धावतात. दुसऱ्या अर्ध्यात तर डावी बाजू मोकळी सोडली होती."

"सांगते कोचना."

"सांग." ते जायला वळले आणि थांबले. "पुढची मॅच कधी आहे?"

"पुढच्या शनिवारी."

"कुठे?"

आम्रपालीनं भिंतीवर दोन्ही हात ठेवले. मागे मैदानातले दिवे अजून चालू होते, आणि पोपट वर्तुळाची पांढरी रेघ पुन्हा ठसठशीत करत होता.

"इथेच, काका," ती म्हणाली, आणि मग रडू लागली. "इथेच आहे."