चौकटीचा शनिवारचा कार्यक्रम

छापलेला शब्द खोटं बोलत नाही. ड्रमरची यावर लहानपणापासून श्रद्धा होती, आणि ज्या साप्ताहिकावर त्याची सगळ्यात जास्त श्रद्धा होती त्याच्या तेराव्या पानावर, टकलावर तीन आठवड्यांत केस उगवणाऱ्या तेलाची अर्धं पान जाहिरात येत असे. ड्रमरनं ते तेल दोनदा आणलं होतं. तरीसुद्धा त्या गुरुवारी सकाळी चहा पिताना त्यानं पान उलटलं आणि चौदाव्या पानावर जे वाचलं, ते खोटं असेल अशी शंका त्याच्या उघड्या डोक्याला शिवलीसुद्धा नाही.

चौदाव्या पानावर 'येत्या आठवड्यात: जॅझ आणि उत्स्फूर्त संगीत' अशी यादी असे. शहर एवढं मोठं, की आठवड्याला वीस-पंचवीस कार्यक्रम सहज निघत. श्रोते मात्र सगळीकडे तेच असत. एका बाईच्या दोन क्लॅरिनेटच्या खाली आणि 'रिकाम्या डब्यांवर वादन, कानात कापूस घालून यावे' याच्या वर लिहिलं होतं:

'शनिवार, १४ तारीख, संध्याकाळी पाच. चौकट. सॅक्सोफोन, डबल बास, ड्रम, पियानो. जुना बटण कारखाना, वरचा मजला. सुरुवात कुणीही करावी. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण होणार आहे, खोकला असणाऱ्यांनी घरीच बसावं.'

ड्रमरनं कप खाली ठेवला. बशीत ठेवायचा होता, तो टेबलावर ठेवला गेला.

चौकट म्हणजे चार जण. त्यांतला ड्रमर हा. सॅक्सोफोनवाल्याला सगळे फुंक्या म्हणत. तो चार वर्षांपूर्वी गेला. डबल बास वाजवणारा आपल्या वाद्याएवढाच उंच आणि वाद्यापेक्षा कमी बोलणारा, म्हणून तो खांब. तो दोन वर्षांपूर्वी गेला. पियानोवाला जिवंत होता. तो ड्रमरच्या बायकोचा थोरला भाऊ, आणि अकरा वर्षं दोघा मेहुण्यांत एक शब्द नव्हता.

"जुनं काहीतरी छापलं असेल चुकून," बायको म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि कुठल्याही गोष्टीला नैसर्गिक कारण असतं असं धरून चालायची.

"तारीख बघ. चौदा. शनिवारी चौदाच आहे ना? जुनं असतं तर वार जुळला असता का?"

बायकोनं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शनिवारी चौदाच होती.

"मग दुसरी कुठली चौकट असेल. पोरं काढतात असले ग्रुप."

"बटण कारखान्यात? आणि 'सुरुवात कुणीही करावी'? हे वाक्य फुंक्याचं आहे. सगळी जाहिरात तोच लिहायचा."

"तो गेला, रे."

"तेच तर म्हणतोय मी."

चौकटीची काम करायची एक रीत होती, आणि जगात दुसऱ्या कुणाची तशी नसावी. त्यांनी कधी तालीम केली नाही. आधी ठरवलं की वाजवताना ठरवलेलंच वाजतं, असं फुंक्याचं मत होतं, आणि ते त्यानं इतकं ताणलं की कार्यक्रम कधी आणि कुठे आहे हेसुद्धा तो कुणाला सांगत नसे. तो जागा ठरवायचा, परस्पर साप्ताहिकाला कळवायचा, आणि बाकीच्या तिघांनी चौदावं पान वाचून हजर व्हायचं. एकमेकांना फोन करायचा नाही. विचारायचं नाही. यादीत आलं की यायचं. बावीस वर्षांत कुणी चुकलं नव्हतं. खांब एकदा कांजिण्या घेऊन आला होता.

आता यादीत आलं होतं.

ड्रमरनं साप्ताहिकाच्या कचेरीत फोन लावला. घंटा वाजत राहिली. गुरुवारी अंक बाहेर पडला की सोमवारपर्यंत तिथे कुणी फोन उचलत नाही, ही त्या कचेरीची जुनी शिस्त होती. म्हणजे शनिवारच्या आत कुणाला काही विचारायची सोय नव्हती. मेहुण्याला विचारता आलं असतं, पण अकरा वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलायचं?

दुपारी त्याच्या ध्यानात दुसरीच गोष्ट आली. सॅक्सोफोन, डबल बास, ड्रम, पियानो. फुंक्या आधी गेला, मग दोन वर्षांनी खांब. खांब जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. ड्रमर वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला. आकडे कुठे झुकतात ते त्याला चटकन दिसे. यादीत तिसरा तो होता.

आणि ती ध्वनिमुद्रणाची ओळ. तिच्याकडे तो त्या दिवसभरात निदान दहा वेळा परत आला.

त्याला कारण होतं, आणि ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. चौकटीचं ध्वनिमुद्रण आयुष्यात एकदाच झालं, म्हणजे झालं नाही. त्याच कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, अकरा वर्षांपूर्वी. फुंक्यानं कुठून तरी भलं थोरलं यंत्र मागून आणलं होतं आणि त्या संध्याकाळी त्या चौघांनी असं वाजवलं की पुढच्या रांगेतला एक म्हातारा सावकाश उठून उभा राहिला आणि शेवटपर्यंत बसायचं विसरला. कार्यक्रम संपल्यावर फुंक्या यंत्राकडे गेला. फीत जागची हलली नव्हती. यंत्राचा प्लग जमिनीवर पडला होता, पियानोच्या स्टुलापाशी, पियानोवाल्याच्या डाव्या पायाजवळ. आणि तो डावा पाय सगळ्या शहराला माहीत होता. वाजवताना तो जमिनीवर असा आपटे की खालच्या मजल्यावरची बटणं उडत.

सगळ्यांनी पायाकडे बघितलं. पियानोवाल्यानंही बघितलं. त्याचा स्वतःच्या पायावर भरवसा नव्हता, त्यामुळे तो काहीच बोलला नाही. चौकट त्या संध्याकाळी मोडली.

प्लग ड्रमरनं काढला होता. त्याला घाम फार यायचा म्हणून तो बरोबर टेबलफॅन न्यायचा. अंधारात बोर्डावरचं सॉकेट सापडलं, त्यात काहीतरी खोचलेलं होतं, दिवा असेल म्हणून त्यानं उपसलं आणि पंखा लावला. शेवटच्या टाळ्यांमध्ये त्यानं तो काढून पिशवीत भरला. मग सगळे पायाकडे बघायला लागले तेव्हा त्यानंही बघितलं. तेवढंच. पुढच्या अकरा वर्षांत दर महिन्याला एकदा तरी सांगून टाकावं असं त्याला वाटलं, आणि दर महिन्याला महिना संपला.

शुक्रवारी दुपारी त्यानं माळ्यावरून ड्रम काढले. सगळ्यांत मोठ्या ड्रमचं कातडं मधोमध फाटलं होतं. कुणी हात लावला नव्हता. चार वाजता घरातला फोन एकदाच वाजला आणि थांबला.

"कुणाचा?" त्यानं विचारलं.

"कट झाला," बायको म्हणाली. तीही थोडी हळू बोलत होती.

"उद्या मला काही झालं तर..."

"तर काय?"

"काही नाही."

"बरं. दूध घेऊन ये येताना."

शनिवारी तो फक्त काठ्या घेऊन निघाला. हवा कोंदट होती, झाडाचं पान हलत नव्हतं. त्या रस्त्यावर तो अकरा वर्षं फिरकला नव्हता. बरेचसे कारखाने पाडलेले, रस्त्यावर माणूस नाही, एका बंद फाटकाआड कुत्रं न भुंकता त्याच्याकडे बघत राहिलं. बटण कारखान्याची इमारत जागेवर होती. जिना तोच होता. कठड्याला हात लावला तर गार लागला. वर उजेड दिसत होता, आणि पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. एकसारखा, पण दर पाचव्या थेंबाला चुकणारा. खांबाची ती सवयच होती. पाचवा ठोका तो खाऊन टाकायचा.

ड्रमर दारात उभा राहिला.

वरच्या मजल्यावर न्हाणीघराच्या सामानाचं दुकान होतं. जिथे मंच होता तिथे नऊ कमोड अर्धगोलात मांडले होते. मागच्या भिंतीवर नळ होते आणि त्यांतला एक गळत होता.

"बघायला आलात की घ्यायला?" विक्रेतीनं विचारलं. तिला उत्तराची घाई नव्हती.

"पाच वाजता आहे," ड्रमर म्हणाला.

"काय?"

"ते अजून ठरलेलं नाही."

चार जण आधीच आले होते. हातात साप्ताहिकाची घडी, चेहऱ्यावर उत्स्फूर्त संगीताला जाणाऱ्यांचा तो सोसण्याची तयारी असलेला भाव. दुकान बघून त्यांना काही नवल वाटलेलं दिसत नव्हतं. त्यांनी याहून वाईट जागी बसून ऐकलं होतं. एकानं ड्रमरला ओळखलं आणि मान लववली.

"बाकीचे दोघं यायचेत का अजून?" त्यानं विचारलं.

"दोघं?"

"पियानोवाले आलेत ना. तिकडे बसलेत."

डाव्या टोकाच्या कमोडवर, झाकण लावून, मेहुणा बसला होता. केस पांढरे झाले होते. डावा पाय त्यानं उजव्या पायाच्या मागे अडकवून ठेवला होता, मोकळा राहिला तर काहीतरी करील अशा धास्तीनं.

ड्रमर जाऊन शेजारच्या कमोडवर बसला. मागे पाणी ठिबकत होतं.

"या, जावईबापू," मेहुणा म्हणाला. आवाज बसल्यासारखा होता. "यादीत आलं. यावं लागतं."

"काल फोन तू केला होतास?"

"केला. मग म्हटलं, आपल्यात विचारायची रीत नाही."

"तुला काय वाटतं? कुणी दिलं असेल?"

"वाक्य फुंक्याचं आहे," मेहुणा म्हणाला आणि दाराकडे बघायला लागला. भिंतीवर घड्याळ होतं. पाचाला चार मिनिटं कमी होती. ऐकायला आलेले चार जण एका बाथटबच्या कडेवर ओळीनं बसले, आणि त्यांतल्या एकाला खोकला आला तो त्यानं गिळला.

ड्रमरनं सगळं सांगितलं. पंखा, सॉकेट, अंधार, पिशवी. सांगायला दीड मिनिट लागलं. अकरा वर्षं जी गोष्ट पोटात मावत नव्हती ती बाहेर आल्यावर एवढीशी निघाली, याचं त्याला जरा वाईटही वाटलं.



"मी पियानो विकला," मेहुणा म्हणाला. "त्यानंतर पंधरा दिवसांत. रात्री झोपेत पाय हलला तरी दचकून उठायचो. डॉक्टरला दाखवला पाय. त्यानं पायावर छोटी हातोडी मारली आणि म्हणाला, उत्तम आहे."

"मला माफ..."

"थांब. फुंक्याला दवाखान्यात भेटायला गेलो होतो. शेवटचा आठवडा. त्यानं माझ्या पायाकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तू होतास तिथे. सफरचंद कापत होतास."

ड्रमर होता तिथे.

"आज का सांगतोयस?"

"यादीत तिसरा मी आहे."

मेहुण्यानं खिशातली घडी काढून यादी वाचली, ओठ हलवत, आणि त्याला ते कळलं. "म्हणजे मरायच्या भीतीनं."

"हो."

"आणि नाही मेलास तर?"



पाच वाजले. सगळे दाराकडे बघत होते. विक्रेतीसुद्धा, कारण नसताना, बघायला लागली. जिन्यावर कुणी नव्हतं. पाण्याचा थेंब पडला, मग दुसरा, तिसरा, चौथा. पाचव्याच्या जागी सगळ्यांनी श्वास धरला. असं तीन-चार मिनिटं चाललं. मग मेहुणा उठला, डावा पाय सोडवून दोन्ही पायांवर नीट उभा राहिला, आणि ड्रमरकडे न बघता जिना उतरून गेला. खालपर्यंत त्याची पावलं ऐकू आली. डावं जोरात पडत होतं.

ते पाऊल ऐकू येईनासं झाल्यावर बाथटबवरच्या एकानं टाळ्या वाजवल्या. बाकीच्या तिघांनी साथ दिली.

ड्रमर दूध घेऊन घरी गेला. शनिवारची रात्र त्यानं पलंगावर बसून काढली, रविवारची अर्धी; उरलेल्या अर्धीत बायकोलाही पंख्याचं सांगितलं. तो मेला नाही.

सोमवारी साडेदहाला साप्ताहिकाच्या कचेरीत फोन लागला. यादी बघणाऱ्या बाई गेली सव्वीस वर्षं यादी बघत होत्या.

"हो हो, ते राहिलं बघा," त्या म्हणाल्या. "मी काय करते, नवीन पान पहिल्यापासून टाइप करत बसत नाही. ज्या वर्षी वार-तारखा अशाच होत्या त्या वर्षीचं पान उघडते आणि मजकूर बदलते. तारखा बदलायचे कष्ट तेवढेच वाचतात. अकरा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर यंदाशी तंतोतंत जुळतं. बाकीचं सगळं बदललं, तुमचं एक नजरेतून सुटलं."

"कुणी कळवलं नव्हतं?"

"कोण कळवणार?"

त्यानं फोन ठेवला. बायको दारात उभी होती.

"म्हणजे कुणी बोलावलंच नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"आणि तू सांगून बसलास."

"हो."

"दादा माझाही फोन उचलत नाहीये."

पुढच्या गुरुवारी चौदाव्या पानावर, यादीच्या खाली, बारीक अक्षरात एक ओळ आली: 'चौकट यांचा कार्यक्रम अकरा वर्षांपूर्वी होऊन गेला आहे, वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.'