ओढणीची जाळी

मित्रांनो, मी मासे उचलायची एक जुनी जाळी. बाजारच्या जाळीने बारीक माशांची खवलं निघतात, म्हणून इथल्या माशांची निगा राखणाऱ्या मनांग क्लारिताने, म्हणजे क्लारिताताईने, चर्चला जाताना डोक्यावर घ्यायची आपली ओढणी कापली आणि मला शिवलं. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या या प्रयोगशाळेत आम्ही दोघींनी अठरा वर्षं काढली.

आमचे मासे बोटाच्या पेराएवढे, पट्टेरी, सगळे एकसारखे. ओळख पटावी म्हणून डॉक्टर नेरिसा कुणाच्या कातडीखाली सुईने रंगाची रेघ भरत, कुणाच्या शेपटीचा कोपरा कापत. त्याआधी मनांग प्रत्येकाला माझ्यात उचलून धरी आणि कुजबुजे, "घाबरू नको हं बाळा, झालंच आता." मला माझ्या मऊपणाचा केवढा अभिमान होता! येणारे-जाणारेही कौतुक करत.

खूण केलेले मासे मात्र दोन-दोन दिवस तळाशी दडून बसत, खाण्याला तोंड लावत नसत.

"डॉक, तुमच्या सुईचा धसका घेतलाय माझ्या पोरांनी," मनांग एकदा चिडून म्हणाली.

"पोरं होय? मग शाळेत घाला की त्यांना!" डॉक्टर हसल्या. "बरं, कशाचा त्रास होतो ते बघूच. एका टाकीत सुई, एकीत कात्री. तिसरीतल्यांना नुसतं उचलायचं आणि परत सोडायचं. चौथीला हातच लावायचा नाही."

"तिसरीतले मजेत राहतील. लावा पैज!"

दुसऱ्या दिवशी चौथ्या टाकीतले मासे वर येऊन खात होते. तिसरीतले सुई-कात्रीवाल्यांसारखेच तळाशी दडलेले होते. मनांगने तीनतीनदा वाकून पाहिलं.

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "मनांग, सुईपेक्षा पाण्याबाहेर राहण्याचीच भीती मोठी आहे. तुम्ही समजूत घालता ना, तेवढा वेळ त्यांचा श्वास कोंडतो."

"अठरा वर्षं?" एवढंच तिने विचारलं. मग ती टाकीकडे पाठ करून रडली.

त्यांची तडफड मला रोज कळत होती, मित्रांनो. मी त्या तडफडीला लाडिक खेळ समजत राहिले. याची मला फार लाज वाटते.

आता मनांग वाडगा बुडवते आणि माशाला पाण्यासकट उचलते. तोंडातून अवाक्षर काढत नाही. खूण केलेले मासे त्याच संध्याकाळी खायला वर येतात. मी खिळ्यावर कोरडी लटकते आहे, आणि ते योग्यच झालं.

मित्रांनो, कुणाला मायेने जवळ घ्याल, तेव्हा त्याला श्वास घेता येतोय ना, एवढं आधी बघा.