पंधरावा अंक

गुरुदत्तला राग आला की आधी कान लाल होतात, मग अक्कल पळते. त्या रविवारी सकाळी मात्र शहराच्या बेहाला भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो अगदी गोगलगाय होऊन बसला होता. मांडीवर प्लॅस्टिकमध्ये जपलेला ‘वज्रनख’चा चौदावा अंक आणि नजर दाराकडे.

‘वज्रनख’ म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी दरमहा निघणारं कॉमिक. पोलादी नखांचा, निळ्या अंगरख्याचा वीर. पन्नाशीला टेकलेले वीस-पंचवीस वेडे फोनवरच्या मंडळात अजून त्याच्यावरून तावातावाने भांडतात. दहा दिवसांपूर्वी तिथे एक नवं नाव आलं: अनिकेत, मुक्काम तासाभरावरचं बराकपूर. गुरुदत्तने लगेच ओळखलं. अकोल्याच्या बँक कॉलनीतला अनिकेत! ज्याचा उजवा हात गुरुदत्तने स्वतः मोडला होता.

अकरा वर्षांचे होते दोघं. वज्रनख आणि दरोडेखोर खेळताना अनिकेत पडला, हरलो म्हणाला, तरी गुरुदत्तने स्टंपने त्याचा हात ठेचला. का, तर चौदाव्या अंकाच्या शेवटच्या पानावर वज्रनख तेच करतो. पडलेल्या दरोडेखोराचा पंजा पहारीने ठेचतो, रक्त पानभर उडतं, आणि वर ठसठशीत अक्षरं: ‘पडलेल्यालाही दया नाही!’ खाली ‘पुढील अंकी समाप्त’. तो पुढचा अंक गुरुदत्तने कधी पाहिलाच नाही. आठवड्यात वडिलांची बदली झाली, अकोला सुटलं. आणि पंधरावा अंक निघालाच नव्हता, असं मंडळातले जाणते छातीठोकपणे सांगत.

तेव्हापासून त्याने मनाची एकच समजूत घातली होती: मी नाही, त्या पुस्तकाने मारलं. आज ते पान अनिकेतसमोर धरायचं आणि त्याच्या तोंडून एकदा ऐकायचं, ‘खरंय रे, पोरं होतो आपण.’ तेवढं मिळालं की सुटलो. म्हणून तर स्वतः फोन करून बोलावलं होतं.

अनिकेत आला. बारीक, टक्कल पडलेला, खांद्याला झोळी. गुरुदत्तच्या बायकोने, लीनाने, साबुदाणा वडे पुढे ठेवले. त्याने डाव्या हाताने वडा उचलला.

“डावरे का हो भावजी?” लीनाने सहज विचारलं.

“नव्हतो. झालो.” त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. तीन बोटं आत वळलेली, वाळलेली. “गुरूने सांगितलं नाही?”

“अगं, खेळताना लागलं होतं एकदा,” गुरुदत्त घाईघाईने म्हणाला आणि अंक उघडून पुढे सरकवला. “हे बघ ना अन्या, हेच ते पान. पोरांच्या हातात असलं काही दिल्यावर पोरं काय करणार? वज्रनखच मारतोय म्हटल्यावर!”

अनिकेतने पान पाहिलंसुद्धा नाही. झोळीतून त्याने एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. पंधरावा अंक.

“दवाखान्यात बाबांनी आणून दिला होता,” अनिकेत म्हणाला. “वहिनी, तिसरं पान वाचा. मोठ्याने.”

लीनाने वाचलं. पहार मारणारा वज्रनख नव्हताच. त्याचा अंगरखा चोरून घातलेला कालकेतू होता, त्याचा वैरी. खरा वज्रनख तिसऱ्या पानावर येतो, जखमी दरोडेखोराला पाठुंगळी घेतो आणि म्हणतो, “माझे कपडे घालून पडलेल्याला मारलंस? आता तुझी गाठ माझ्याशी.”

“तू वज्रनख झालाच नव्हतास रे गुरू,” अनिकेत म्हणाला. “त्या चोराची नक्कल केलीस.”

झालं! कान लाल झाले. गुरुदत्तने लीनाच्या हातातून अंक हिसकावला आणि टर्रकन मधोमध फाडला. इतकी वर्षं जपलेली समजूत एका पानाने मोडावी? दुसऱ्यांदा फाडायला हात उचलला, तोच अनिकेतची डावी मूठ त्याच्या नाकावर बसली. कडकन आवाज झाला. वडे, चटणी, बशा, सगळं जमिनीवर आलं.

गुरुदत्त अंगाने आडदांड. त्याने अनिकेतला मानेला धरून फ्रीजवर आदळलं, एकदा, दोनदा. अनिकेतची भुवई फाटली, डोळा रक्ताने भरला. त्याने गुडघा वर घेतला आणि गुरुदत्तच्या पोटात असा घातला की तो कळवळून वाकला. मग डाव्या हाताने ओट्यावरची सांडशी उचलून कानावर एक ठेवून दिली. गुरुदत्त धाडकन कोसळला. जिभेखाली दात टोचत होता, तुटलेला. त्याने दोन्ही तळवे वर केले. पुरे, पुरे, असं त्याला म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसता फेस आला.

अनिकेत त्याच्या छातीवर बसला. त्याच्या मनगटावर गुडघा दाबला आणि सांडशी उगारली.

“तू अर्धं वाचून मारलंस,” तो धापा टाकत म्हणाला. “मी दोन्ही भाग वाचलेत. पाठ आहेत मला. तरी मारणार.”

लीनाने मागून त्याचा उगारलेला हात दोन्ही हातांनी घट्ट पकडला. “भावजी, पाया पडते! मरेल तो!” मग नवऱ्याकडे वळून ओरडली, “गुरू, खरं सांग, काय केलं होतंस तू? एकदा लागलं होतं ना?”

हो म्हणायचं होतं त्याला. लीनाच्या हातांत अजून जोर होता, एक हो पुरेसा होता. पण अनिकेतच्या कपाळावरून त्याचं रक्त गुरुदत्तच्या गालावर टपकत होतं, आणि इतक्या जवळून त्याने तो चेहरा अकराव्या वर्षानंतर पहिल्यांदा पाहिला.

“एकदा नाही गं,” तो म्हणाला. “मोजलं नाही. तो ओरडायचा थांबला, तरी मी मारत होतो. मला मजा येत होती.”

लीनाने अनिकेतचा हात सोडला.