दोन गोळ्या आणि एक पर्स

मित्रांनो, मी एक आखूड नळीचं, गोळ्यांच्या पाच घरांचं जुनं रिव्हॉल्व्हर आहे. घाबरू नका. तुमच्याशी बोलायचं म्हणून पाचही घरं रिकामी करून बसलोय.

माझं अंग पोलादाचं आणि मूठ अक्रोडाच्या लाकडाची. पहिली अकरा वर्षं मी अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या एका गुरांच्या डॉक्टरांच्या कमरेला होतो. वासरांमागे लागलेले कोल्हे पिटाळण्यापलीकडे त्यांनी मला कामाला लावलं नाही, पण दर शनिवारी पुसून तेल मात्र द्यायचे. ते गेले आणि मी ड्यूइट हॅस्किनच्या बंदुका नि मासेमारीच्या सामानाच्या दुकानात, काचेच्या कपाटात आलो. शेजारी सगळी नवी पिस्तुलं, पत्त्यांच्या कॅटाएवढी सडपातळ. गिऱ्हाइकं मला उचलून बघत, दार अडवायला बरं आहे म्हणत आणि जागेवर ठेवत. अशी चार वर्षं गेली.

मग एका सकाळी वर्लीनबाई आल्या. साठी ओलांडलेल्या, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना गोळ्या-इंजेक्शनं देणाऱ्या नर्स. बोटं सांधेदुखीने वाकलेली. सोबत चार वर्षांची नात टिली. महिन्यापूर्वी ओसाड रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर दोन अनोळखी माणसांनी त्यांच्या गाडीचं दार ओढलं होतं. तेव्हापासून लांबच्या फेऱ्या बंद होत्या आणि लांबचे नऊ पेशंट वाट बघत होते. कपड्याआड राहील आणि आपल्या हाताला झेपेल असं काही मिळालं नाही, तर नोकरीच सोडायची, असं त्यांनी ड्यूइटला सांगितलं. त्या आणि ड्यूइट शाळेत एका वर्गातले.

ड्यूइटने सगळ्यात चिमुकलं पिस्तूल काढलं. आधी उघडून रिकामं असल्याचं दाखवलं, मग त्यांनाही बघायला लावलं. दुसरं दिलं, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा वर्लीनबाई वैतागल्या.

"अरे, आत्ताच तर दाखवलंस."

"आत्ताचं आत्ता संपलं. परत बघ."

चिमुकल्याचा वरचा भाग त्यांच्या बोटांना मागे ओढवेना. दुसरं पिसासारखं हलकं होतं. दुकानामागच्या मैदानात ते उडवून पाहिलं, पण प्रत्येक बाराला त्याने असा हिसका दिला, की हात झिणझिणले आणि समोरची कागदी थाळी कोरीच राहिली. नोकरी गेलीच, असं वर्लीनबाईंच्या चेहऱ्यावर दिसलं.

तेव्हा ड्यूइटने डोकं खाजवत मला बाहेर काढलं.

मी जड, म्हणून धक्का माझ्या अंगातच जिरला. माझा चाप वापरून वापरून लोण्यासारखा झालेला. पाचांतल्या चार गोळ्या थाळीत गेल्या. वर्लीनबाई हसल्या आणि चार वर्षांत पहिल्यांदाच कोणी माझ्या मुठीवरून अंगठा फिरवला.

राहिलं कुठे ठेवायचं ते. बाईमाणसाचं सगळं पर्समध्येच असतं, असं म्हणत त्यांनी दुकानातलीच चोरकप्प्याची एक निळी पर्स निवडली. माझी घरं पुन्हा तपासून झाली. मला रिकामंच कप्प्यात सरकवून त्या आपल्या पर्समधलं सामान तिच्यात भरू लागल्या. रुमाल, चष्मा, पेपरमिंटच्या गोळ्या.

मासे पकडायचे रबरी किडे बघत बसलेली टिली पेपरमिंटच्या कागदाच्या चुरचुरीने धावत आली.

"आजी, गोळी."

आणि रोजच्या सवयीने तिने कोपरापर्यंत हात आत घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात मी होतो.

मी रिकामा होतो, हे ड्यूइटला, वर्लीनबाईंना आणि मलाही ठाऊक होतं. तरीही वर्लीनबाईंनी मला तिच्या हातातून सोडवून घेतलं आणि उघडून पाचही घरं परत बघितली.

"दोन्ही गोळ्या एका पर्समध्ये नकोत, ड्यूइट," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याने चापावर पूर्ण झाकण येईल असं चामड्याचं घट्ट घर, म्हणजे होल्स्टर, आणलं. कमरेला उजवीकडे, जरा मागे मी बसलो, वरून सैलसर झगा आला. आता शेवटची परीक्षा. त्यांच्या गावात रविवारी चर्चच्या दारात सगळे एकमेकांना कडकडून भेटतात. ड्यूइटने तशीच गळाभेट घेतली.

"काही जाणवलं?" वर्लीनबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मला जाणवलं. तुझ्या पट्ट्याचं बक्कल. ताटलीएवढं."

मित्रांनो, पुढच्या सोमवारपासून नऊही पेशंटच्या फेऱ्या सुरू झाल्या. आजवर मला त्या चामड्याच्या घराबाहेर यावं लागलेलं नाही आणि कधी यावं लागू नये. घरी पाऊल टाकलं, की आधी मी रिकामा होतो, मग लोखंडी पेटीत जातो. किल्ली वर्लीनबाईंच्या गळ्यात. माझ्यासारखा कोणी तुम्हाला उशीखाली, कपाटात, कुठेही दिसला, तर रिकामा असेल असं समजू नका. हात लावू नका, मागे व्हा आणि मोठ्या माणसाला हाक मारा. आणि मोठ्यांनो, आत्ताचं आत्ता संपलेलं असतं. परत बघा.

पेटीतून मला दिसत नाही, पण ऐकू येतं. टिली पर्समध्ये कोपरापर्यंत हात घालते, क्षणभर शोधते, मग कागद चुरचुरतो. गोळी मिळाली.