आंबट सूप आणि बिनकल्हईची देग

मी एक जुनी तांब्याची देग आहे. बीड शहरातल्या एका अरुंद गल्लीत, फळवाल्यांच्या घरात माझं आयुष्य गेलं. ह्या घरात दखनी बोलतात, पण तुम्हाला समजावं म्हणून मी सगळ्यांच्या तोंडी इथली मराठीच घालते. माझा स्वभाव काही गोड नाही, हेही आधीच सांगून टाकते. जन्मभर बुडाखाली जाळ सोसलेल्या भांड्याकडून गोडव्याची अपेक्षा करू नये.

माझा जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. मी साधा सपाट पत्रा होते. त्यानं मला तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं, पुन्हा ठोकलं. ठोकताना तो गाणं गुणगुणत होता, त्याचा मला अजून राग आहे. मग कल्हईवाल्यानं मला निखाऱ्यांवर धरलं, आत नवसागर टाकला, कथलाचा तुकडा फिरवला आणि कापसाच्या बोळ्यानं भराभर पुसून घेतलं. धूर निवला तेव्हा मी बाहेरून लाल आणि आतून पांढरीशुभ्र झाले होते. मित्रांनो, तो पांढरा थर म्हणजे कल्हई. ती असेल तर माझ्यात काहीही शिजवा. ती उडाली, की आंबट पदार्थ तांब्याला खातो, तांबं अन्नात उतरतं आणि अन्न कळकतं. असं कळकलेलं अन्न पोटात गेलं, की माणसाला उलट्यांवर उलट्या होतात. पूर्वी हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असे.

जैनबबीच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला आंदण दिलं. जैनबबी हाताची सुगरण आणि जिभेची कडू. आमचं चांगलं जमलं. मोहरमचा खिचडा असो की कुणाच्या बारशाचा शोरबा असो, गल्लीतून आधी मला बोलावणं यायचं आणि माझ्यासोबत तिला. लोक बोटं चाटायचे. तिला वाटायचं, नाव तिचं झालं. मला वाटायचं, माझं झालं. दोघींनीही एकमेकींचा गैरसमज कधी दूर केला नाही.

पुढे घरात कुकर आला, मग जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी पातेली आली. हलकटच ती, नुसत्या वाऱ्यानं खणखणायची. कल्हईवाला गल्लीत फिरकेनासा झाला. जैनबबीचा नवरा गेला, तिला साखरेचा आजार जडला आणि मी माळ्यावर गेले. माझ्यात कांदे ठेवले, मग जुन्या चपला ठेवल्या. माझी कल्हई खपल्याखपल्यांनी उडून गेली. कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता मुबश्शिराची गोष्ट. ही जैनबबीची एकुलती एक सून, तेलगावची. जैनबबीचा मुलगा साजिद पुण्याला गाड्या दुरुस्त करायचा, तेव्हा ही तिथल्या एका हॉटेलाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायची आणि बघून बघून शिकायची. पुण्याचं काम सुटलं. साजिदनं बीडला बार्शी नाक्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं आणि दोघं ह्या घरात राहायला आली.

चूल जैनबबीच्या हातात होती आणि ती तिला सोडायची नव्हती. सुनेनं भाकरी केली की ती उजेडाला धरून बघायची. सुनेनं भाजी वाढली की एका बोटानं ताट पुढे सरकवायची आणि म्हणायची, "तेलगावच्या मानसाला उसाबिगर काय कळतंय?" साजिद मान खाली घालून जेवायचा. मुबश्शिरा मोरीत भांडी घासता घासता रडायची, म्हणजे पाण्याच्या आवाजात ऐकू जाऊ नये. मला माळ्यावर सगळं ऐकू यायचं.

एक दिवस साजिदच्या गॅरेजवर सत्यशीला मॅडम स्कूटी घेऊन आल्या. कॉलेजच्या मुलींचं वसतिगृह त्या चालवतात. रोज तेच डबे खाऊन मुली कंटाळल्या आहेत, म्हणाल्या. साजिदनं बायकोच्या इटालियन कोफ्त्याच्या सुपाची बढाई मारली. मॅडम म्हणाल्या, "रमजान चालूच हाय, तर इफ्तारला येते मी. आवडलं तर माझ्या पोरींचं रोजचं संध्याकाळचं जेवन तुमच्याकडं."

घरी येऊन साजिदनं बायकोला सांगितलं, "हे जमलं ना, तर गच्चीवरच्या खोलीत तुझी वेगळी चूल मांडू."

मुबश्शिराला दुसरं काही नको होतं. स्वतःची चूल, जिथं तिची भाकरी कुणी उजेडाला धरणार नाही. दाराआड जैनबबीनंही ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी जैनबबीनं मला माळ्यावरून काढलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तिनं चिंच आणि मिठानं मला आतबाहेर घासलं. तिचा हात आतून फिरला आणि थांबला. तिनं मला खिडकीकडे कलतं केलं आणि बराच वेळ आत बघत राहिली. आत पांढरं काही उरलं नव्हतं, नुसतं लाल तांबं. मला वाटलं, आता ही मला कल्हईला नेईल. तिनं मला पदरानं पुसलं आणि सुनेला हाक मारली.

"मॅडम, शेजारणी, एवढ्या मानसाचं सूप तुझ्या कुकरात कुटं मावंल? ही घे."

मुबश्शिराचे डोळे भरून आले. "अम्मी, तुमची देग? मला?"

"मग काय, मरताना संगं घेऊन जाऊ?"

मुबश्शिरानं माझ्यात हात घातला. माझा गळा अरुंद आहे, पण लालभडक झळाळी तिला दिसली. ती म्हणाली, "केवडी लख्ख हाय! मोबाइलमदी सांगतेत, तांब्यातलं लई चांगलं असतंय अंगाला."

"तेच तर," जैनबबी म्हणाली.

स्टीलच्या भांड्यांत वाढलेली पोर ती. तांब्याच्या बाटलीतलं पाणी चांगलं, हे तिनं ऐकलं होतं. कल्हई हा शब्द तिला कुणी शिकवलाच नव्हता.

आणि काय सुरेख करत होती हो ती! दुपारीच कामाला लागली. कीम्यात दुधात भिजवलेला पाव कुस्करला, अंडं फोडलं, लसूण ठेचून घातला, तिकडची पानं मिळेनात म्हणून कोथिंबीर घातली. लिंबाएवढे कोफ्ते वळून तेलात तांबूस परतले. मग मला शेगडीवर ठेवून कांदा, गाजर आणि कोबी परतला, हाडांचं पाणी ओतलं आणि टोमॅटोचा रस घातला. खूप टोमॅटो. वर व्हिनेगरसुद्धा. त्यात कोफ्ते सोडले, राजमा सोडला, शेवटी मकरोनी. पुण्याहून जपून आणलेल्या वाळक्या पाल्याच्या पुड्या फोडल्या. आपल्याकडे कोफ्ते रश्श्यात बुडवतात, तिकडे ते सुपात पोहतात. सगळं घर त्या वासानं भरलं.

मला मात्र चावे बसत होते. टोमॅटो पडल्यापासून माझं अंग झिजत होतं आणि सुपात मिसळत होतं. मी उकळत होते, खदखदत होते. पण भांडं खदखदलं की बायका जाळ कमी करतात, दुसरं काही करत नाहीत.

रोजा असताना मुबश्शिरा जिभेवर थेंबही घेत नसे. जैनबबीला आजारामुळे रोजे नव्हते. मुबश्शिरानं चमचाभर सूप फुंकून सासूपुढे धरलं.

"अम्मी, तुमी जरा चाखून सांगा ना. माजं सगळं ह्याच्यावरच हाय."

जैनबबीनं ते तोंडात घेतलं. उभा जन्म तिनं माझ्यातलं चाखलं होतं. तिच्या ओठांची कड आक्रसली. ती मोरीकडे गेली, थुंकली, चूळ भरली आणि परत आली.

"मीठ?" सुनेनं विचारलं.

"बराबर हाय. लई झ्याक झालंय. आता कायबी घालू नको."

मुबश्शिरा हसली. ह्या घरात तिच्या स्वयंपाकाला मिळालेला तो पहिला चांगला शब्द. तिनं माझ्यावर झाकण ठेवलं आणि ते आंबट सूप अजान होईपर्यंत माझ्यात मुरत राहिलं.

साजिद एरवी गॅरेजवरच पोरांसोबत रोजा सोडायचा. जैनबबीनं तेच गृहीत धरलं होतं. पण त्या दिवशी तो बायकोसाठी लवकर घरी आला. खजूर खाऊन झाले आणि मुबश्शिरा वाट्या भरू लागली. सत्यशीला मॅडमनी दोन चमचे खाऊन तोंड जरा वेडंवाकडं केलं. "येगळंच लागतंय गं. तोंडात नाणं धरल्यावानी."

"मॅडम, ते इटालियन हाय ना," मुबश्शिरा कौतुकानं म्हणाली. तिनं स्वतः अजून खजुरापलीकडे काही खाल्लं नव्हतं, वाढण्यातच होती.

साजिदनं वाटी उचलली आणि जैनबबीनं त्याचं मनगट धरलं.

"तू नको खाऊ."

"कावून?"

"तुला मानवायचं न्हाई."

पाहुण्यांसमोर साजिदचा चेहरा लाल झाला. "अम्मी, आज तरी तिला नावं ठिवू नका." त्यानं हात सोडवला आणि वाटी संपवली. मग आईकडे बघत बायकोला म्हणाला, "घाल अजून. कोफ्ते जास्त घाल." इतकी वर्षं मान खाली घालून जेवणारा तो, नेमका त्याच दिवशी बायकोच्या बाजूनं उभा राहिला.

जैनबबीला एक वाक्य बोलायचं होतं. देगेला कल्हई नाही, एवढंच. तिचे ओठ हलले. पण तेच सूप चाखून तिनं चांगलं म्हटलं होतं, आणि ऐकणारी सून समोर उभी होती. जैनबबीनं खजुराची ताटली पाहुण्यांपुढे सरकवली. साजिदनं तिसरी वाटी घेतली.

सत्यशीला मॅडम दारातल्या नालीपर्यंत कशाबशा पोचल्या. शेजारणी पोट धरून बसल्या. साजिदचं पोट दिवसभर रिकामं होतं आणि त्यानं सगळ्यांत जास्त खाल्लं होतं. त्याला उचलून रिक्षात घालावं लागलं. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं. इटालियन सूप म्हटल्यावर ते म्हणाले, कीमा खराब असेल. भांडं कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा सलाईनवर होता, सून त्याच्या उशाशी होती, आणि जैनबबी मला मांडीवर घेऊन रिक्षानं जुन्या बाजारात कल्हईवाला शोधत फिरत होती. मित्रांनो, ज्या कल्हईसाठी मी माळ्यावर वर्षानुवर्षं झुरले, ती मला त्या दिवशी मिळाली. एकदम पांढरीशुभ्र.

साजिद वाचला. बोलायची ताकद आल्यावर तो बायकोला म्हणाला, "अम्मीला कळलं होतं. अम्मीनं माजा हात धरला होता. तू मला काय खाऊ घातलंस?"

मुबश्शिराला तेलगावला धाडलं. मॅडमनी फोन उचलणं बंद केलं. गल्लीत बोलणं झालं, की पुण्याहून आणलेल्या पुड्यांत काहीतरी होतं. जैनबबी त्यावर नुसता उसासा टाकायची. तेवढ्यानं भागत होतं.

मग एक दिवस मुबश्शिरा दारात उभी राहिली. माहेरी तिच्या आईनं, शाईस्तानं, एकच प्रश्न विचारला होता, "कशात केलतं?" ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि माझ्यात डोकावली. मग तिनं साजिदला हाक मारली.

"त्या दिवशी ही आतून लाल होती. मी हात घालून बघितलंय. अम्मीनं नंतर कल्हई केलीय."

"माज्या लग्नापासून पांढरीच हाय," जैनबबी म्हणाली. "साजिद, तूच बघ डोळ्यानं."

साजिदनं मान वाकवून आत बघितलं. मी चकाकत होते. मला काळं पडायचं होतं, हिरवं पडायचं होतं. पण कल्हई ताजी होती.

"पांढरीच हाय की," तो म्हणाला.

"अम्मी, तुमी चाखलतं," मुबश्शिराचा आवाज चिरकला. "मी चमचा धरलता तुमच्या तोंडाला. तुमी थुंकलत्या."

"मला साकर हाय. मी असलं कावून चाखू?"

मुबश्शिरानं साजिदकडे बघितलं. तो अजून माझ्याकडेच बघत होता. ती पिशवी उचलून निघून गेली. तिच्यामागं कुणी गेलं नाही.

मित्रांनो, तांब्याच्या भांड्यांची काळजी घ्या. आतला पांढरा थर विटला की कल्हई करून घ्या. आंबट शिजवू नका, शिजवलंच तर ठेवू नका. भांडं माळ्यावर टाकलं, की त्याचा उपयोग कोण कशासाठी करील सांगता येत नाही.

माझं आता बरं चाललं आहे. दर जुम्म्याला माझ्यात शोरबा शिजतो आणि साजिद तो आवडीनं खातो. जैनबबी त्याच्यासाठी नवी सोयरीक बघते आहे. पाहुणे येतील तेव्हाचा खिचडा माझ्यातच होणार आहे. ती मुलगी तुमच्यापैकी कुणाची थोरली बहीण असेल, तर तिला माझा एवढा निरोप द्या. ह्या घरात सासूनं प्रेमानं भांडं हातात दिलं, तर आधी ते उजेडाला धरून आत बघ.