तिसरा हात

माझ्या मेव्हण्याने खोटं बोलायला सुरुवात केली तेव्हा बोट अजून खडकापाशीच होती. सोडलेला मासा नुकताच निळ्या पाण्यात दिसेनासा झाला होता. बायको हसत होती. कपाळावर चिकटलेले ओले केस मागे सारायचंही तिला भान नव्हतं.

"मासा झकास होता, ताई," मेव्हणा इंजिनाच्या दांड्यावर कोपर टेकवून म्हणाला. "पण मोजता यायचा नाही गं. माझा हात लागला ना रॉडला."

तिचं हसू लगेच गेलं नाही. आधी तिला वाटलं, तो चेष्टा करतोय.

ज्यांनी कधी गळ टाकला नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. मलाही पूर्वी वाटायचं. आमच्या क्लबात मासा कोणी घरी नेत नाही. पकडायचा, पट्टीवर ठेवून फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. मान असतो तो बारीक दोऱ्याला. दोरा जितका बारीक तितकी जबरदस्ती कमी चालते. हिसका दिला की तुटलाच. माशाला पळू द्यायचं, दमू द्यायचं, तो खडकाच्या कपारीकडे निघाला की हलक्या हाताने त्याचं तोंड फिरवायचं. हे सगळं ज्याच्या गळाला मासा लागला त्याने एकट्याने करायचं. दुसऱ्या कोणाचं बोट जरी रॉडला, रिळाला किंवा दोऱ्याला लागलं तरी मासा बाद. माणूस पडत असेल तर माणसाला खुशाल धरा. रॉडला धरायचं नाही.

क्लबच्या फळ्यावर सगळ्यात बारीक दोऱ्याच्या रांगेत कित्येक वर्षं एकच नाव आहे, मेव्हण्याचं. त्याला तिथे सगळे कप्तान म्हणतात. त्याच दोऱ्यावर आलेला बायकोचा मासा त्याच्या माशापेक्षा चार बोटं लांब भरला होता.

"तुझा हात माझ्या जॅकेटला होता," बायको म्हणाली. "पाठीवर. मला ओढ जाणवली."

"एक जॅकेटला होता. दुसरा रॉडला लागला. तू पडत होतीस, ताई! मी नसतो तर आत्ता पाण्यात असतीस. तुझी पाठ होती माझ्याकडे, तुला कसं दिसणार?"

हे मात्र खरं होतं. तिची पाठ त्याच्याकडे होती आणि तोंड माझ्याकडे. पुढे बघत बसलं की मला मळमळतं, म्हणून मी नेहमी बोटीच्या टोकाला उलटा बसतो. ती मधे उभी होती, तो मागे इंजिनापाशी, बोट वळवायचा दांडा धरून. दोरा माझ्या कानाजवळून पाण्यात गेला होता आणि मी मान खाली घालून बसलो होतो, पण डोळे वर होते. माझ्यासमोर सगळं घडलं.

मासा खडकाकडे वळला तेव्हा बोट त्याच्या मागे न्यायला हवी होती. ती ओरडत होती, "पुढे घे! अरे, पुढे घे म्हणते ना!" आणि तो रमतगमत घेत होता. रिळावरचा दोरा संपत आला. बोटीखालून एक लाट आली, ती पुढे झुकली, आणि त्याने उजवा हात लांब करून तिच्या जॅकेटचा पाठीवरचा पट्टा पकडला. तिने रॉड एका बाजूला झुकवला, माशाचं तोंड फिरलं, आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू, तो आमचा झाला. आमचा कशाला, तिचा.

"अहो," ती माझ्याकडे वळली, "तुम्ही समोर होता. सांगा ना."

"मला वाटतं," मी म्हणालो, "हात जॅकेटलाच..."

"वाटतं?" मेव्हणा हसला. "भाऊजी, तुम्हाला तर लाट आली की पोटातलं तोंडात येतंय असंही वाटतं. आलंय का कधी?"

मी मान पुन्हा खाली घातली.

मला एवढंच येतं. जन्मभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या. तिथेसुद्धा शंका आली की समासात प्रश्नचिन्ह टाकून मोकळा व्हायचो. बायकोने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग तोंड फिरवलं आणि रॉड पुसायला घेतला. इतक्या जोरात पुसत होती की मला वाटलं, मोडेल.

किनाऱ्यापर्यंत मेव्हणा बोलत होता. नियम म्हणजे नियम. बहीण असली म्हणून काय झालं. मला काय आनंद होतोय का हे सांगताना. त्याचा सूर इतका हळवा होता की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसता खोटं बोलला असता तर एक वेळ चाललं असतं. तो खोटं बोलून वर तिच्याकडून आभार मागत होता.

आणि ती बोट! ती त्यांच्या वडिलांची. वडिलांनी मुलाला समुद्र शिकवला आणि मुलीला गाठी बांधायला बसवलं. बारीक दोऱ्याची गाठ बांधताना तो ओठात ओला करावा लागतो, नाहीतर आवळताना जळतो. ते काम हिचं. पुढे ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स झाली. तिथले सर्जन तिच्या बोटांची तारीफ करायचे. निवृत्त झाल्यावर तिने पहिल्यांदा स्वतःच्या हातात रॉड घेतला, तर हा म्हणे, "हौस आहे ना, येऊ दे रविवारची." आजही त्याच्या सगळ्या गाठी हीच बांधते. फळ्यावरचा त्याचा तो मासासुद्धा तिच्या गाठीवर आला होता. तेव्हा हात लागला नव्हता वाटतं तिचा!

हे सगळं मी मनातल्या मनात बोलत होतो. मनात मी फार छान भांडतो.

धक्क्याला लागलो तेव्हा क्लबच्या खोलीबाहेर नेहमीची मंडळी चहा पीत बसली होती. अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. फोनवरचा फोटो पाहून ते उठूनच उभे राहिले.

"बाई, हा तर कप्तानाला मागे टाकतोय! बसा, बसा. आता रिवाजाप्रमाणे विचारतो." बोटीतल्या प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारतात. "हात कोणाचा लागला का?"

"नाही," बायको म्हणाली.

मेव्हण्याने मान खाली घातली, उसासा टाकला. "डॉक्टर, माझा लागला. ती पडत होती. काय करणार, बहीण आहे."

"अरेरे!" दोन-तीन जण म्हणाले. कोणीतरी म्हणालं, "खरा माणूस!" एकाने त्याच्या खांद्यावर थोपटलं. डॉक्टरांनी फोन बायकोला परत दिला आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका हं बाई. पुढच्या वेळी."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मला विचारायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. बायको उभी होती, फोन हातात, आणि तिचा चेहरा हॉस्पिटलातल्या नर्सचा होतो तसा झाला होता, कोरा. तो चेहरा मला माहीत आहे. रोगी गेल्यावर नातेवाइकांना सांगायला जाताना ती तो लावायची.

"मला विचारा," मी म्हणालो.

"अं?"

"मी पण बोटीत होतो. मला विचारा!" आवाज केवढा तरी मोठा निघाला. चहाचे कप थांबले.

"भाऊजी, राहू दे ना," मेव्हणा म्हणाला.

"तू गप्प बस. डॉक्टर, विचारा."

"बरं... हात लागला का?"

"नाही. याचा उजवा हात जॅकेटच्या पट्ट्यावर होता आणि डावा इंजिनाच्या दांड्यावर. मी समोर बसलो होतो. रॉडला लागला तो कितवा हात?"

"त्याआधी दांडा सोडला होता मी," मेव्हणा घाईने म्हणाला.

"इंजिन चालू असताना?"

"हो. क्षणभर."

"दोरा माझ्या कानाला घासून जात होता. बोट बोटभर वळली असती तरी माझा कान कापला असता. बघा, डॉक्टर, आहे की नाही जागेवर!"

कोपऱ्यातला एक म्हातारा मच्छीमार खो-खो हसला. "याच्या बोटीचा दांडा सोडला की ती गरकन डावीकडे जाते," तो म्हणाला. "माहीत आहे की सगळ्यांना. धक्क्यावर चढवली होती ना त्याने एकदा!" मग बाकीचेही हसले. थोपटणाऱ्याने खांद्यावरचा हात काढून घेतला.

मेव्हण्याचे कान लाल झाले. "म्हणजे मी खोटारडा?"

"हो," मी म्हणालो. "आणि लबाड. मासा निसटावा म्हणून बोट मुद्दाम हळू घेतलीस. पट्टा धरलास तो मात्र खरा, तेवढं तुझ्या नावावर लिहू."

"घरातली माणसं आणि अशी!" तो डॉक्टरांकडे वळला. "लिहा, लिहा तिचं नाव. म्हातारपणी हौस फिटू द्या."

"असं नको," बायको म्हणाली. "भीक नको. हात लागला नाही, असं म्हण."

त्याने पाठ फिरवली.

"म्हण."

"पुढल्या रविवारी दुसरी बोट बघ, ताई," तो म्हणाला आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरून गेला. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज आला.

डॉक्टरांनी सगळ्यांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि खडू उचलला. फळ्यावर तिचं नाव लिहिलं. टाळ्या वाजल्या. मच्छीमाराने तिला चहा आणून दिला. तिने तो उभ्याउभ्याच संपवला, कप खाली ठेवला आणि निघाली. मी मागून पिशवी घेऊन.

मला वाटलं होतं, ती काहीतरी बोलेल. निदान बरं बोललात, एवढं तरी. रस्त्यावर ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती, रॉडची नळी खांद्यावर. दुकानं बंद व्हायच्या बेतात होती. औषधांच्या दुकानासमोर ती एकदम थांबली.

"दोन हात, कान, हे सगळं तुम्हाला केव्हा सुचलं?"

खोटं बोलावं, असं एकदा मनात आलं. "बोटीतच," मी म्हणालो.

"बोटीतच." तिने मान डोलावली. "म्हणजे सगळा वेळ मी तिथे एकटी भांडत होते, आणि तुमच्याकडे हे होतं. खिशात. तो मला वेडी ठरवत होता. अर्ध्या वाटेवर मलाही वाटायला लागलं होतं की लागला असेल हात. माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता! कळतंय का?"

"कळतंय."

"चारचौघांत बोललात म्हणून टाळ्या हव्यात?"

"नको."

"मग पिशवी इकडे द्या."

तिने पिशवीही माझ्या हातातून घेतली. आता माझे दोन्ही हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत ते मला कळेना. आम्ही पुन्हा चालू लागलो. घराच्या दारापाशी तिने पिशवी खाली ठेवली. किल्ली कुलपात घालून मग म्हणाली, माझ्याकडे न बघता,

"त्या मच्छीमाराची एक जुनी बोट आहे, भाड्याने देतो. मी रॉड धरला की इंजिनाला कोणीतरी लागेल."

"मला ते जमेल असं..."

ती वळली. इतक्या रागाने तिने माझ्याकडे लग्नानंतर कधी पाहिलं नसेल.

"उद्या सकाळी विचारून येतो त्याला," मी म्हणालो. "शिकव म्हणून."

"आणि मी ओरडले, पुढे घे, की?"

"पुढे घेईन."

"लगेच."

"लगेच."

तिने दार उघडलं आणि आत गेली. माझ्यासाठी ते उघडं ठेवलं, पण दिवा लावला नाही. स्वयंपाकघरात तिने भांडं आपटल्याचा आवाज आला, मग आणखी एक. मी दारातच चपला काढत उभा राहिलो आणि तिचा राग ऐकत होतो. तो माझ्यावर होता. तो मला मान्य होता.